पोरांना मातीत खेळू द्या

महोदय,
नातवाला साधी सर्दी झाली की घरात अँटिबायोटिक येतं, तेही चिठ्ठीशिवाय. मागच्या महिन्यात तिसरा कोर्स झाला आणि पोरगं आठवडाभर जुलाबानं हैराण. सर्दी विषाणूंची, हे औषध मारतं जिवाणूंना, त्यात आतड्यातले उपयोगी जिवाणूही जातात. भाजी-भाकरीतल्या चोथ्यापासून तेच जिवाणू ब्युटिरेट नावाचा उपयोगी पदार्थ बनवतात आणि त्यानं दम्यासारख्या आजारात उगाच चेकाळणाऱ्या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींना बळ मिळतं. या पेशींवरच्या संशोधनाला २०२५चं वैद्यकातलं नोबेल मिळालं.

अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या शेती करणाऱ्या दोन ख्रिस्ती पंथांतल्या मुलांची तुलना २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. गोठ्याजवळ वाढणाऱ्या अमिश मुलांत दमा बराच कमी, आणि त्यांच्या घरातल्या धुळीत जिवाणूंचे अंश जास्त!

आमची पिढी मंगळवार पेठेत तालमीची ताक-हळद घातलेली लाल माती अंगाला फासून वाढली. आता हाताला माती लागली की लगेच सॅनिटायझर. पंचगंगेत मिसळणारं सांडपाणी चालेल, असं मी मुळीच म्हणत नाही. त्यातून कावीळ होते, लसही हवीच. पण शाळांनी मैदानावर फरशा घालू नयेत आणि औषध दुकानांनी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक आजोबा, मंगळवार पेठ, कोल्हापूर