कूलर बंद करणाऱ्या ताईंना

ताई, समोर बसून हे मला बोलता येत नाही, गळा भरून येतो, म्हणून लिहून राहिली आहे. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण नागपुरात ज्यांची कमी ऐकू येणारी मुलं तुमच्याकडे येतात त्यांना बरोबर कळेल.

तुमच्या आधी आम्ही एका मोठ्या ठिकाणी जाऊन आलो होतो. एसी, काचेचा दरवाजा, सगळं. बेराचा, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट पाहिला, कानाचं माप घेतलं, दोन्ही कानांना ऐकायची मशीन लावली, बिल हातात दिलं आणि "होईल सवय" म्हणून मोकळे. आमची चिऊ मशीन ओढून फेकायची, रडून रडून लाल व्हायची. फोन केला तर म्हणे काही दिवस हात धरून ठेवा. दोन वर्षांच्या पोरीचे हात धरून ठेवा! आणि त्याच्याही आधीचे ते डॉक्टर, "काही मुलं उशिरा बोलतात" वाले, त्यांच्याबद्दल तर आज बोलतच नाही, पोस्ट खराब होईल.

मग भर मे महिन्यात तुमच्याकडे आलो. पारा 45 च्या वर, तुमची ती छोटी खोली आणि खिडकीत एक कूलर. मला वाटलं आता परत तेच, धरा आणि लावा. तुम्ही चिऊला हातच नाही लावला. तिला खाली ठोकळ्यांजवळ सोडलं, मशीनला ती स्टेथोस्कोपसारखी नळी जोडली आणि माझ्या कानात घातली. बाप्पा! नुसतं घोंऽऽ. खुर्ची सरकली तर दचकलीच मी. चिऊचे बाबा बाजूलाच बसून बोलत होते, त्यांचा आवाज त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी. तुम्ही म्हणालात, मशीन सगळंच मोठं करते ताई, कूलर पण आणि आई पण.

आणि उठून कूलर बंद केला. मग पंखा पण.

मला तेच आठवत राहते. तुमच्या कपाळावरून घाम गळून राहिला होता, ओढणी ओली, बाहेर नंबर लागलेले, दारातून मावशींनी डोकावून विचारलं "मॅडम, लाइट गेली का?" तर तुम्ही हातानेच त्यांना थांब म्हणालात. मशीन लावली आणि मला म्हणालात, जवळ बसून बोला, काहीही. मला काही सुचेना, मी म्हटलं "चिऊ, पाणी पिते का?" तिचा हात कानाकडे गेला, मला वाटलं आता ओढते. नाही ओढली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

पुढे काय काय केलं ते सगळं लिहीत नाही. आधी थोडा थोडा वेळ, शांत खोलीत, मग वाढवत नेलं. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरून आ, ऊ, ई, म, श, स, ऐकू आलं की डब्यात ठोकळा. "स" ने लय रडवलं आम्हाला. घरी पण गोष्ट सांगायच्या वेळी कूलर बंद म्हणजे बंद, सासूबाई आधी ओरडल्या, आता स्वतःच बटण दाबतात आणि पेपरने वारा घालत बसतात. यंदा तान्ह्या पोळ्याला चिऊ लाकडी बैल ओढत होती, चाक करकर वाजलं तर थांबली, मागे वळून पाहिलं, परत ओढलं, परत थांबली. देवळापर्यंत पोचायला किती वेळ लागला विचारू नका.

मशीन तीच आहे ताई, आधीच्याच ठिकाणची. डिग्र्या त्यांच्याकडेही भिंतभर होत्या. पण पोरीला काय ऐकू येऊन राहिलं हे कानाला लावून पाहावं असं तिथे कोणाला वाटलं नाही. तुमच्यासारखी माणसं सरकारी दवाखान्यात, बँकेत, शाळेत कुठेही एखादं भेटतंच, आणि त्यांना कोणी थँक्यू म्हणत नाही, तक्रार करायला मात्र आपण सगळे पुढे.

बाकी मशीनचा कानात बसणारा मोल्ड परत शिट्टी मारायला लागलाय, कान वाढला तिचा, नवीन माप द्यायला येतोच आहे. संत्रा बर्फी आणते. मागच्या वेळेसारखं परत पाठवायचं नाही, सांगून ठेवते.

चिऊची आई