ते तेच होतं

प्रिय नीले,

तुझी तीन पत्रं उशाशी पडून आहेत, मला शिव्या देऊन तूही थकली असशील. गुडघा बरा, बीपीची गोळी चालू, झालं. आज लिहितेय कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'एका पाखरासाठी?' म्हणतील.

मंगळवारी पुळणीवर बूबी आलं, खोल समुद्रावरचं ते मोठं पाखरू.

शेजारची पोरं ओरडत आली, 'काकू, केवढा मोठा कुरव!' कुरव कसला! पांढरंशुभ्र अंग, पंखांच्या काळ्या कडा, पिवळट चोच आणि तोंडावर तोच काळा मुखवटा. सुरूंच्या खाली, भरतीने आणून टाकलेल्या जाळ्यांच्या तुकड्यांत बसलेलं. दोन हातांवर गेले तरी हललं नाही. म्हणून तर खलाशांनी त्याला स्पॅनिशमधला 'बोबो' चिकटवला, म्हणजे खुळा. रात्रभर राहतं तर रिसॉर्टच्या उष्ट्यावर माजलेल्या कुत्र्यांनी फाडलंच असतं.

पोरं म्हणाली, 'पाण्यात सोडू या, समुद्राचंच आहे ते.'

हे वाक्य कुणाचं, आठवतंय ना? माझंच, मागे आपल्याला असंच बूबी सापडलं तेव्हाचं.

तू म्हणत होतीस घरी नेऊ, कोरडं करू. मी म्हटलं, तुझ्या घरात माणसांना झोपायला जागा नाही. चावेल म्हणून मी चोच मुळापासून मुठीत आवळली होती. तू म्हणालीस, 'अगं, गुदमरेल ते.' मी म्हटलं, 'नाकाने घेईल की श्वास.' नीले, त्याला बाहेर नाकपुड्याच नसतात. चोचीच्या कोपऱ्यांतून श्वास घेतं ते. हे मला आता पाखराच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी त्यांच्यासमोर मुकाट उभी.

शेवटी माझंच खरं करून ते पाण्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी तू मेलेलं पाखरू दाखवलंस तेव्हा मी 'हे वेगळं आहे' म्हणून भांडले. चार महिने अबोला. (माझी छत्री तेव्हापासून तुझ्याकडेच आहे.) ते तेच होतं. उजव्या पायाच्या पडद्याला चीर होती, मी आदल्या दिवशीच पाहिली होती.

या वेळी टॉवेल टाकून उचललं, खोक्यात ठेवलं, १९२६ या हेल्पलाइनला फोन केला. वनखात्याची माणसं येईपर्यंत मासळीच्या ताजव्यात घातलं, जेमतेम नऊशे ग्रॅम. धडधाकट असतं तर दीड किलोच्या आसपास भरलं असतं. यांच्या वसाहती पार ओमानजवळच्या 'हल्लानियात' नावाच्या बेटांवर. नैऋत्येचा वारा इकडे ढकलतो. उपाशी पाखराला पिसांना अंगचं तेल लावायचंही त्राण राहत नाही, मग ती भिजतात. असल्याला पाण्यात सोडायचं म्हणजे मारायचंच. आणि मासा द्यायचा तर ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी! बाजारात नुसती सुकी मासळी. शेवटी खाडीत पाग टाकून बोय आणली पोरांनी. तीही लगेच नाही, आधी नळीने पाणी, मग मासा, तोही डोक्याकडून.

काल वनखात्याचा फोन आला, तीन बोयी आपणहून गिळल्या म्हणे. मी ओटीवर बसून रडले. ह्यांना वाटलं, गुडघा.

तुझ्या लेकीचं ॲडमिशन झालं का? भिंतीची ओल? दिरांची जमिनीची केस कुठवर आली? ही पाखरं दोन अंडी घालतात आणि थोरलं पिल्लू धाकट्याला ढकलून मोकळं होतं, कोर्टकचेरी नाही.

जगलं तर वारा उतरल्यावर सोडतील म्हणतात. कळवते. ये तेव्हा, छत्री घेऊन.

तुझी,
शालू