शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: माझी कौशल्ये कुठे गेली, ते मी सांगते

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी माझ्या वर्गात निरीक्षक आले. मागच्या बाकावर वीस मिनिटे बसले आणि जाताना शेरा लिहून गेले: ‘अध्यापन कौशल्यांचा अभाव.’ त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

मी वाणिज्य शाखेला पुस्तपालन, म्हणजे हिशेब लिहिण्याचे शास्त्र, शिकवते. नोकरीचे हे दुसरे वर्ष. प्रशिक्षणात एकेका कौशल्यासाठी आम्ही सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे छोट्या सराव पाठाचे, ३६ मिनिटांचे चक्र घासले आहे: ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण (पाठ बघणाऱ्यांचा अभिप्राय), १२ मिनिटांत पाठाचे नवे टाचण, मग ६ मिनिटे पुन्हा पाठ आणि ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. मग ही सुटी कौशल्ये जोडणारा सेतुपाठ, मग शाळेतले सराव पाठ. प्रश्नकौशल्याचा माझा पाठ मॅडम इतरांना बघायला बोलवायच्या. हे बढाई म्हणून सांगत नाही. जे होते ते गेले, एवढेच सांगायचे आहे.

मंगळवारी काय झाले ते ऐका. रोजकीर्द, म्हणजे व्यवहारांची पहिली नोंद करायची वही, शिकवणे चालू होते. एका मुलाने विचारले, “मॅडम, बँकेत पैसे भरले की पासबुकात जमा दिसतात, मग आपण बँक खाते नावे (डेबिट) का करतो?” अकाउंट्सच्या वर्गात याहून चांगला प्रश्न येत नाही. सराव पाठात याच प्रश्नासाठी मी दोन वह्या नेल्या होत्या, एक आपली, एक बँकेची. एकच व्यवहार दोन्हींत लिहून घेतला होता. आपल्या वहीत बँक आपली देणेकरी, म्हणून नावे; तिच्या वहीत ती आपले देणे लागते, म्हणून जमा. मुले आपणच बोलली होती. मंगळवारी मी म्हणाले, “नियम पाठ कर, पुढे चला.” मुलगा खाली बसला. शेरा खोटा नाही, महोदय. म्हणूनच तो जास्त लागला.

अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण ऐकून दाखवले की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतो. तीन सेकंद थांबला तर मुलांची उत्तरे लांबतात, गप्प मुलेही बोलतात. मी मनात तीन मोजायला शिकले होते. आता मीच विचारते, मीच उत्तर देते, कारण तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि अंतिम लेखे हे पुढचे धडे उरावर बसलेत. मोजणे कधी सुटले, मला कळलेही नाही. सांगणारे कोणी नव्हतेच.

आणि तुमचे आश्वासन? नव्या शिक्षकाला पहिली दोन वर्षे मार्गदर्शक शिक्षक मिळेल, असे आपण जाहीर केले होते. मी वाट पाहिली. दोनदा अर्ज केला. आला तो निरीक्षक, तोही दीड वर्षाने, हातात वही घेऊन. शिक्षक-प्रशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच मांडले होते की नुसते प्रशिक्षण वर्गापर्यंत पोचत नाही, वर्गात सोबत करणारा सहकारी लागतो. चाळीस वर्षे झाली त्याला! तुमच्या खात्यात हे कोणी वाचलेच नाही का?

माझ्याबरोबर शिकलेल्या सात जणी आज वाणिज्य शिकवतात. एकीच्याही वर्गात वर्षभरात मदतीसाठी कोणी बसलेले नाही. माहिती मात्र रोज मागवली जाते. तक्ते भरा, फोटो पाठवा, आजच्या आज. तुमच्या तक्त्यात ‘प्रशिक्षित शिक्षक’ असा रकाना असतो. प्रशिक्षणातले किती उरले, हा रकाना मी कुठे पाहिला नाही. सगळ्या व्यवस्थेलाच तपासायची सवय लागली आहे, शिकवायची नाही. पदवी देताना पाच जण माझा पाठ बघत होते, आणि पदवी हातात पडताच सगळे उठून गेले.

शेरा पुसा असे मी म्हणत नाही. पुस्तपालन शिकवलेले कोणी जुने शिक्षक महिन्यातून एक तास माझ्या वर्गात बसवा. माझे त्यांना दिसू दे, त्यांचे मला. त्या तासाला दुसरे काम लावू नका.

त्या मुलाला मी काल दोन वह्या घेऊन पुन्हा समजावले. त्याला कळले. वर्गातल्या बाकीच्यांना समजावायला मला अजून तास मिळालेला नाही.

आपली,
पुस्तपालनाची एक शिक्षिका