झेंडा जिंकला, हे ठरवायचे कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राचीन युद्धांवर आधारित ‘बॅटल लाइन’ या पत्त्यांच्या खेळाची ओळख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. या खेळात दोघा खेळाडूंच्या मध्ये नऊ झेंडे मांडलेले असतात, प्रत्येक झेंड्यापाशी दोघेही आपापल्या बाजूला तीन-तीन पाने लावतात आणि ज्याची मांडणी वरचढ त्याचा तो झेंडा. रायनर क्निट्सिया यांच्या या खेळाविषयी मराठीत काही छापून आले याचा आनंद आहेच. मात्र ‘ज्याला तीन पत्ती येते त्याला हा खेळ वेगळा शिकावा लागत नाही’ या लेखातील वाक्याने नव्या खेळाडूंची दिशाभूल होण्याचा संभव असल्याने हे पत्र लिहीत आहे.

आमच्या वडोदऱ्यात सातम-आठमला, म्हणजे जन्माष्टमीच्या सणात, घरोघरी तीन पत्ती रंगत असल्यामुळे तिची उतरंड मुलांच्याही तोंडी असते, आणि नेमकी तीच येथे आड येते. तीन पत्तीत सारख्या अंकाची तीन पाने सर्वांत वरची. येथे त्यांच्यावर एकाच रंगाची लागोपाठ तीन पाने मात करतात. तीन पत्तीत साधी सीक्वेन्स (वेगवेगळ्या रंगांची लागोपाठ पाने) रंगाला (एकाच रंगाच्या कोणत्याही तीन पानांना) हरवते. येथे रंग वरचढ असतो. जोडीला तर येथे काहीच मोल नाही, अशा पानांची केवळ बेरीज धरली जाते. एकाच रंगाच्या लागोपाठ पानांच्या पहिल्या क्रमांकाच्या मांडणीला ‘वेज’ (पाचर) म्हणतात आणि सारख्या अंकाच्या दुसरीला ‘फॅलँक्स’. इ. स. पूर्व ३३१ मध्ये गौगामेला येथे अलेक्झांडरने आपले घोडदळ पाचरीसारखे पर्शियन फळीत घुसवले होते, हे आठवले की वेजचा मान लक्षात राहतो. (त्याच रणांगणातून पळ काढलेल्या पर्शियन राजा दारियसचे पान मात्र खेळात अलेक्झांडरच्या पानाइतकेच मोलाचे आहे: दोन्ही हव्या त्या रंगाचे व अंकाचे पान म्हणून धरता येतात!)

खरा वाद होतो तो झेंड्याच्या दाव्यावरून. गणेशोत्सवात दांडिया बाजारातील एका मंडळाने ठेवलेल्या स्पर्धेत अशाच एका दाव्यावर बराच वेळ हुज्जत चालली होती. नियम असा की आपली तीन पाने पूर्ण झाली असतील आणि समोरच्याला त्या झेंड्यापाशी आता काहीही करून वरचढ मांडणी जमवता येणार नाही हे सिद्ध करता आले, तर त्याची पाने पूर्ण होण्याची वाट न पाहता झेंडा घेता येतो. परंतु ही सिद्धता पटावर उघड्या असलेल्या पानांवरूनच करावी लागते.

समजा, माझ्या बाजूला लाल, निळी आणि हिरवी अशा तीन नव्व्या आहेत आणि समोर निळी अठ्ठी व निळी सत्ती आहे. प्रतिस्पर्ध्याला वेज करण्यासाठी निळी नव्वी किंवा निळी छक्की हवी. नव्वी माझ्याच मांडणीत आहे. छक्की दुसऱ्या एखाद्या झेंड्यापाशी उघडी पडलेली असेल तर झेंडा निर्विवाद माझा. मात्र तीच छक्की माझ्या हातात असेल, तर ती त्याला कधीच मिळणार नाही हे मला पक्के ठाऊक असूनही दावा करता येत नाही, आणि ती काढून दाखवली तरीही तो ग्राह्य धरला जात नाही. मंडळाच्या पंचांनी हातातील पान पुरावा म्हणून मान्य केले, ते माझ्या मते चुकीचे होते. याउलट, ‘मी पुढे दारियस टाकून छक्कीची उणीव भरून काढीन’ हा प्रतिस्पर्ध्याचा बचावही चालत नाही, कारण अद्याप न खेळलेल्या डावपेचांच्या पानांचा (दारियससारख्या खास पानांचा) विचार दाव्याच्या वेळी करायचा नसतो.

बरोबरीचा नियम लेखात आलेलाच नाही. दोघांची मांडणी एकाच दर्जाची असेल तर ज्याची बेरीज मोठी त्याचा झेंडा, आणि बेरीजही सारखी निघाली तर ज्याने आपली मांडणी आधी पूर्ण केली त्याचा. म्हणूनच शेवटचे पान उगाच हातात दाबून ठेवणे महागात पडू शकते. ‘फॉग’ (धुके) हे डावपेचांचे पान पडलेल्या झेंड्यापाशी मांडणीचा दर्जा पाहिलाच जात नाही, फक्त बेरीज पाहतात, ‘मड’ (चिखल) हे पान पडले तर तेथे दोघांनाही तीनऐवजी चार पाने लावावी लागतात, आणि चौथे पान पडेपर्यंत मांडणी पूर्ण धरली जात नाही.

नऊ झेंड्यांपैकी कोणतेही पाच किंवा लागोपाठचे तीन मिळवणारा जिंकतो, एवढे लेखात बरोबर आले आहे. पुढील पुरवणीत मांडण्यांचा क्रम आणि दाव्याचा नियम चौकटीत छापावा, अशी विनंती आहे. पुढील वर्षी स्पर्धा ठेवणाऱ्या मंडळांनीही पाने वाटण्यापूर्वी हे दोन नियम मुलांना वाचून दाखवावेत.

आपला,
एक नियमित वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा