नोटा आल्या नाहीत, पैसे मात्र कट झाले

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आईच्या औषधांसाठी एटीएममधून १० हजार काढायला गेलो, मशीन घरघरलं, शटर जरासं हललं पण नोटा काही बाहेर आल्या नाहीत, पावतीही नाही, आणि मोबाईलवर मेसेज मात्र लगेच, पैसे कट. आई बाहेर रिक्षात बसलेली, तिला काय सांगू तेच कळेना. शाखेत गेलो तर म्हणाले मशीन दुसऱ्या बँकेचं आहे, तिकडे जा. हे साफ चूक आहे, मशीन कुणाचंही असो, तक्रार आपलं कार्ड ज्या बँकेचं तिथेच द्यायची आणि तक्रार नंबर घ्यायचाच.

रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, अशा वेळी ५ दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. मला पैसे १९व्या दिवशी मिळाले, म्हणजे १४०० रुपये भरपाई झाली ना? एक रुपया नाही आला. परिपत्रकाची प्रिंट काढून लेखी अर्ज दिलाय, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जाणार. पण आईसारख्या माणसांनी हे कुठून शोधायचं? हा नियम प्रत्येक एटीएमच्या दारावर मराठीत, मोठ्या अक्षरात लावा.

– एक खातेदार, सातारा