केनियाला जाताय, तर ताइता डोंगरही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला केनिया सफारीचा लेख वाचला. मसाई मारा आला, त्सावोचे हत्ती आले. पण त्सावोच्या दोन राष्ट्रीय उद्यानांच्या मधोमध उभे असलेले ताइता डोंगर राहून गेले, याची फार रुखरुख लागली. ताइता ॲपॅलिस हा चिमुकला पक्षी साऱ्या जगात फक्त याच डोंगरांत आहे आणि आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

हा आपल्या शिंपी आणि वटवट्याच्या कुळातला. न्गांगाओच्या जंगलात स्थानिक गाइडने बोट दाखवलं तेव्हा मला आधी नुसती पानं हललेली दिसली. मग राखाडी पाठ, काळपट गळा, फिकट डोळा आणि ती लांब, सडपातळ शेपटी. पान वरून बघायचं, खालून बघायचं, अळी टिपायची की लगेच पुढची डहाळी. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरच्या दाट झुडपांत त्याचं सगळं चाललेलं असतं, आणि सरपणासाठी पहिल्यांदा तुटतात तीही हीच झुडपं.

हिंदी महासागरावरून येणारं धुकं अडवून हे जंगल झऱ्यांना पाणी देतं. तरीही मूळ जंगलापैकी जेमतेम दोन टक्के उरलं आहे, तेही न्गांगाओ, चाविया, वुरिया अशा तुकड्यांत. मधे मक्याची शेतं, निलगिरी आणि पाइनची लागवड. गावकऱ्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. जमीन थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, हे तिथे लगेच कळतं. ताइता लोकांनी तर ‘फिघी’ नावाची पवित्र रानं आपल्या देवरायांसारखी पिढ्यानपिढ्या राखली होती.

म्हणूनच एक आग्रहाची विनंती. मराठी पर्यटक केनियाला हौसेने जातात. आपल्या टूर कंपन्यांनी त्सावोला जोडून ताइता डोंगरातल्या वुंडान्यी या गावी एक मुक्काम ठेवावा. त्सावोलगतच्या व्होई शहराहून तिथवर चांगला गाडीरस्ता आहे. गाइड तिथलाच घ्यावा, जेवण-राहणं गावातच करावं. उभ्या जंगलातून घरात चार पैसे आले, तर ते राखणंही गावाला परवडेल. आणि जे जातील त्यांनी फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. इतके थोडे उरलेत, त्यांना घरट्यावरून उठवण्याचा हक्क आपल्याला नाही.

आपला,
एक वाचक, पुणे