४० टक्के वेडा, १०० टक्के फिट: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार. आपण कामात असता, म्हणून एका पानात आटोपायचं ठरवून बसलो आहे. जमेल असं वाटत नाही.

मी अमळनेर तालुक्यातला. घरची साडेतीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस. बारा वर्षांपासून मला बायपोलर हा मानसिक आजार आहे; मन कधी उधाणतं, कधी पार खचतं. गेली पाच वर्षं दर रविवारी मी मारुतीच्या पारावर माझ्यासारख्यांबरोबर बसतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा घरोघर जातो. याला पीअर सपोर्ट म्हणतात. ज्याने भोगलंय त्याने, आज जो भोगतोय त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. डॉक्टरकी करायची नाही, उपदेश तर नाहीच. पुण्याला जाऊन एका संस्थेचं प्राथमिक प्रशिक्षण घेतलं. आता पुढच्या पातळीचं, सरकार मानेल असं प्रमाणपत्र हवं आहे. पत्राचा विषय खरं तर एवढाच.

गेल्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या कार्यक्रमात, मला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. एका मोठ्या साहेबांनी माइकवर जाहीर केलं, की अशा अनुभवी साथींना तीन महिन्यांत प्रगत प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि मानधन मिळेल. टाळ्या पडल्या. त्या नारळाची त्याच आठवड्यात चटणी झाली, शाल आई पापडांवर झाकायला घेते, आणि साहेबांचे तीन महिने अजून सरायचे आहेत.

मागच्या सोमवारी मीच अर्ज घेऊन गेलो. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, सगळीकडे टेबल तेच असतं. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा दाखला जोडा." मी म्हटलं, साहेब, मी मानसिक रुग्ण आहे म्हणूनच तर हा अर्ज आहे. त्यांनी पेनच्या टोकाने माझा कागद टेबलाच्या कडेपर्यंत ढकलला, हात लागू न देता. "मग खाली जा, चार नंबरच्या खिडकीवर केसपेपर काढा." मागे रांगेत उभे होते ते दोघं हसले. आवक रजिस्टरमध्ये सही करताना माझा हात थरथरला, ते त्यांनी बरोबर पाहिलं. "सकाळीच घेता का?"

घेतो साहेब. लिथियम घेतो, याच आजाराची गोळी. तुमच्याच सरकारी दवाखान्यातून मिळतं, त्यानेच हात थरथरतो.

मंत्रिमहोदय, माझ्या पाकिटात आपल्याच सरकारचं दिव्यांगत्वाचं कार्ड आहे. त्यावर मानसिक आजार, ४० टक्के, असं छापलेलं आहे. ते मिळवायला मी डॉक्टरांच्या मंडळासमोर चार वेळा उभा राहिलो; स्वतःची काळजी घेतो का, लोकांशी नीट वागतो का, बोललेलं समजतं का, काम होतं का, या सगळ्याला मार्क पडले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे, सरकारी नोकरीत त्याला वाटाही आहे. म्हणजे एका टेबलावर मी वेडा असल्याचं सिद्ध करायचं आणि दुसऱ्या टेबलावर नसल्याचं. दोन्ही कागदांवर शिक्का एकाच सरकारचा. आता मला सांगा, मंडळासमोर नक्की कोणाला उभं करायला हवं?

लिथियमचं निघालंच आहे तर ऐका. या गोळीला दर काही महिन्यांनी रक्तातली पातळी तपासावी लागते. कमी झाली तर आजार उलटतो, जास्त झाली तर विषबाधा. अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्यात लोडशेडिंग. दोन वर्षांपूर्वी कापसाची पूर्वमशागत करताना मला उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली. गावाला वाटलं, पुन्हा बाहेरचं लागलं. एकाने लिंबूसुद्धा उतरवलं. तपासणीचं रक्त बाहेरगावी गेलं, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. तोवर आई माझ्या पायाशी बसून होती, हातात पाण्याचा तांब्या. या आजारात पहिली पाच वर्षं मी भगताकडे, दर्ग्यावर, कानबाईच्या नवसात आणि एका खोलीत घालवली. खोलीची कडी बाहेरून होती. हे सगळं माझ्या अर्जातल्या 'अनुभव' या रकान्यात मावलं नाही. रकाना दोन ओळींचा आहे.

पण कामाला येतं ते हेच. शेजारच्या गावात एक पोरगा तीन महिने खोलीबाहेर आला नव्हता. बापाने फवारणीचे डबे दुसऱ्याच्या खळ्यात नेऊन ठेवले होते. मी दाराबाहेर ओट्यावर बसलो. पाऊण तास काही बोललो नाही. दुपारच्या गोळीची वेळ झाली, म्हणून डबी काढून गोळी खाल्ली, वर पाणी प्यालो. खिडकीची फट जरा मोठी झाली. "भाऊ, तू बी गोया खास?" तूही गोळ्या खातोस का, एवढंच त्याने विचारलं. पुढच्या महिन्यात तो पारावर आला. हे एमडी झालेल्या डॉक्टरला करता येत नाही, त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या डबीत गोळी नसते.

अमेरिकेत याचं रीतसर प्रमाणपत्र आहे. तिथल्या जॉर्जिया राज्यात १९९९ पासून या कामाचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून मिळतात. मेंटल हेल्थ अमेरिका ही तिथली संस्था, जी १९०९ मध्ये क्लिफर्ड बीअर्स नावाच्या एका माजी मनोरुग्णानेच उभी केली, तिने २०१७ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचं प्रगत प्रमाणपत्र काढलं. त्यासाठी देखरेखीखाली ३,००० तास काम आणि वर परीक्षा. माझ्या वहीत २,३०० तास निघतात. हिशेब माझा आहे, दहा-वीस तास इकडेतिकडे. पण देखरेख कोणाची, हा प्रश्न आला की वही बंद. पारावर मारुतीच आहे, त्याची सही चालेल का?

आपल्याकडे कायदे कमी नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३१ मध्ये लिहिलंय, की दहा वर्षांत पुरेशी माणसं तयार करायला सरकारने झटायचं. कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. बोटं आपणच मोजा. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, निम्म्याहून कितीतरी जास्त रुग्णांना उपचारच मिळत नाहीत असं त्यात निघालं. पण ते ज्या १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हताच. आमचं वेड कोणी मोजायलाही आलं नाही. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे मनोरुग्णालयं, खान्देशच्या तीन जिल्ह्यांत एकही नाही. शेतकरी आत्महत्या रोखायला सरकारचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला तेव्हा १४ जिल्हे घेतले, तेही विदर्भ-मराठवाड्याचे. घ्या, त्यांना हवंच होतं. पण जळगाव-धुळे-नंदुरबारचा शेतकरी काय आनंदाने मरतो?

आमच्या तालुक्याला वाट पाहायची सवय आहे म्हणा. पाडळसरे धरणाचं पाणी येईल म्हणून माझ्या वडिलांनी पाइपलाइनचा खर्च काढून ठेवला होता. त्या पैशांतून पुढे मी पहिल्यांदा दवाखान्यात भरती झालो. धरण अजून पुरं नाही, वडील नाहीत. आशाताई मानधनासाठी उन्हात बसतात, कापूस घरात पिवळा पडतो, आणि स्टेजवर शाली मात्र कधी कमी पडत नाहीत. शाली कोणत्या खात्यातून येतात, तेवढं एकदा कळवा.

मागणी राहिलीच. अर्जातली सक्षमतेच्या दाखल्याची अट काढा. प्रगत प्रशिक्षण जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला घ्या. रात्रीच्या गाडीने पुण्याला जाऊन झोप मोडली की माझा आजार उलटतो, हे निदान आरोग्य खात्याला सांगावं लागू नये. झालेले तास धरा आणि सही करायला माणूस द्या.

सोबत दिव्यांग कार्डाची झेरॉक्स जोडली आहे. दुसऱ्या दाखल्याची जागा कोरी सोडली आहे. उत्तर पाठवलंत तर रविवारी सोडून कधीही पोस्टमनला घरी सापडेन. रविवारी पारावर असतो. तो पोरगा आता आणखी एकाला घेऊन येतो.

आपला,
एक रुग्ण (४० टक्के),
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव